पांढरी गोळी, निळा कॅन

[पहाट, पोफळीच्या वाडीतला स्विमिंग पूल]

अलिबागजवळची ही वाडी. घरामागे 8 मीटर लांब, 4 मीटर रुंद पूल. पोटात 40 हजार लिटर पाणी.

[हातमोजे घातलेला हात, गोळी]

ही ट्रायक्लोरची गोळी, पुलाचं पाणी जंतुमुक्त ठेवणारी. वजन 200 ग्रॅम, त्यात उपलब्ध, म्हणजे कामाला येणारं, क्लोरीन जवळपास 90 टक्के धरतात. फ्लोटरमध्ये, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या डब्यात, ठेवली की काही दिवस हळूहळू विरघळत राहते, रोज हात लावायला नको. वाडी सांभाळणाऱ्या काकांनी दिवाळीपासून हीच वापरली. पण गोळीतून क्लोरीनसोबत सायन्युरिक ॲसिडही येतं. थोडं असलं तर ते क्लोरीनला उन्हापासून वाचवतं, फार झालं तर क्लोरीनचं काम मंदावतं. क्लोरीन खर्च होतं, ॲसिड पाण्यातच राहतं. गोळीतून रोज 2 पीपीएम, म्हणजे दहा लाख भाग पाण्यात 2 भाग, क्लोरीन दिलं, तर महिन्याला 35 पीपीएमच्या आसपास ॲसिड साठतं.

[काचनळी, तळाशी काळा ठिपका]

आता नळीकडे नीट बघा. पुलाच्या थोड्या पाण्यात हे ॲसिड मोजायचं औषध मिसळलं, पाणी दुधाळ झालं. ते थोडं थोडं नळीत ओतायचं आणि वरून तळाचा ठिपका बघत राहायचं. तो दिसेनासा झाला की थांबायचं, आकडा वाचायचा. दिसतोय... अजून दिसतोय... गेला. आकडा 100 पीपीएम. हवं होतं 30 ते 50.

[बादली, लाकडी काठी]

ही टीसीएल, ब्लीचिंग पावडर. गावच्या विहिरीत पडते तीच. बादलीत ढवळायची, चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळ तेवढी घ्यायची. बोअरचं पाणी आधीच जड असेल तर टाइल्सवर पांढरे थर चढतात. पावडर आणि गोळी एका भांड्यात कधीही नको, आग लागते.

[संध्याकाळ, निळा कॅन]

आणि हे लिक्विड क्लोरीन, सोडियम हायपोक्लोराइट. 10 टक्क्यांचं असेल तर या पुलाला 2 पीपीएमसाठी 800 मिली पुरतं. कॅन सावलीत ठेवायचा, महिनाभराचाच आणायचा, उन्हाळ्यात त्याची ताकद लवकर उतरते. ओतायचं ऊन कललं की, पंप चालू ठेवून, काठाकाठानं. रोजचं काम आहे, खरंय. पण यातून ॲसिडची भर पडत नाही, आणि आमच्या मते कोकणातल्या घरच्या पुलासाठी हेच योग्य.

[दोन टँकर, फाटकाबाहेर]

साठलेलं ॲसिड कमी करायला निम्मा पूल उपसावा लागला. 20 हजार लिटर, एप्रिल महिन्यात.

[पलीकडे रांगेत ठेवलेले हंडे]

टँकर रिकामे झाले. आता पुलात ॲसिड 50. काकांनी फ्लोटर धुऊन खुंटीला टांगलाय.