परांची कुणासाठी?

[दृश्य: जुनी पाच मजली इमारत. जमिनीपासून गच्चीपर्यंत बांबू, बाहेरून हिरवी जाळी.]

पावसाळा ओसरला की मुंबई-ठाण्यात गल्लोगल्ली अशा इमारती दिसू लागतात. तीस वर्षं उलटलेल्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट मुंबईत बंधनकारक आहे. ऑडिटचा अहवाल येतो, सोसायटीची सभा भरते, ठेकेदार ठरतो आणि एके दिवशी बांबूंचा ट्रक फाटकाशी येऊन उभा राहतो. परांची बांधली जाते. पुढचे कित्येक महिने तिच्यावर कारागिरांची रांग लागते. आधी पोकळ गिलावा तोडणारे चढतात, मग गंजलेल्या सळ्यांवर इलाज करणारे, त्यानंतर गवंडी, प्लंबर आणि सगळ्यात शेवटी रंगारी. परांची मात्र तीच.

सभेत रंगाच्या छटेवर तासभर चर्चा होते. परांचीबद्दल एकच प्रश्न येतो: चौरस फुटाला दर काय? ती कुणाच्या कामासाठी बांधली जाणार आहे, तिच्यावर किती वजन पडणार आहे, हे कुणी विचारत नाही. आमच्या मते सगळ्यात आधी विचारायचा प्रश्न हाच आहे.

[दृश्य: फळीवर रचलेल्या विटा. शेजारी सिमेंट-वाळूच्या मालाचं घमेलं.]

थोडा हिशोब मांडू. दोन मीटर लांब आणि एक मीटर रुंद अशी फळ्यांची जागा धरा. एक गवंडी आणि एक बिगारी, हत्यारांसकट दीडशे किलो. तीन किलोची एक, अशा शंभर विटा म्हणजे तीनशे किलो. मालाची दोन भरलेली घमेली, पन्नास किलो. झाले पाचशे किलो, आणि हे सगळं दोन चौरस मीटरवर.

युरोपात परांचीच्या भाराचे वर्ग ठरलेले आहेत. ईएन १२८११ या मानकात हलक्या कामाच्या एका वर्गाला चौरस मीटरला साधारण दीडशे किलो चालतात, त्याच्या वरच्या वर्गाला दोनशे, त्याहून वरच्याला तीनशे. म्हणजे आपल्या दोन चौरस मीटरवर अनुक्रमे तीनशे, चारशे आणि सहाशे किलो. रंगरंगोटीपुरत्या परांचीवर आपला विटांचा ढीग बसतच नाही. गिलाव्याच्या परांचीवरही तो जास्त होतो. वीटकामासाठी म्हणून बांधलेल्या परांचीवरच तो निभावतो. तिन्ही परांच्या रस्त्यावरून पाहिल्या तर जवळजवळ सारख्याच दिसतात.

बांबूच्या परांचीला तर असा वर्गही कुणी ठरवून दिलेला नसतो. तिथे बांधणाऱ्याच्या अनुभवावर भिस्त. अनुभव खरा असतो, त्याला आम्ही कमी लेखत नाही. पण अनुभवी मुकादमालाही आधी सांगावं लागतं की वर काय चढणार आहे.

[दृश्य: छिन्नी-हातोडी. गिलाव्याचा पोपडा सुटून फळीवर पडतो.]

दुरुस्तीच्या कामातला सगळ्यात फसवा टप्पा तोडफोडीचा. बघणाऱ्याला वाटतं, इथे कसला भार? दोन माणसं आणि हातोड्या. आता ही फळी बघा. बाहेरचा गिलावा वीस मिलीमीटर जाड धरला तरी भिंतीच्या एका चौरस मीटरचा साधारण चाळीस किलो निघतो. दोन मीटर उंच, दोन मीटर लांब भिंत सोलली की एकशे साठ किलो डेब्रिज. बीमचं फुटकं काँक्रीट निघालं तर आणखी. हे सगळं फळीवर साठतं, कारण दर तासाला खाली न्यायला माणूस ठेवलेला नसतो. संध्याकाळी पाऊस आला की तोच ढीग पाणी पिऊन जड होतो. म्हणून तोडफोडीसाठी परांची जड कामाचीच हवी आणि ढीग साठू न देता तो खाली उतरवायची सोय पहिल्या दिवसापासून हवी.

आता जरा खाली वाकून उभ्या बांबूंचे बुंधे बघू.

[दृश्य: पेव्हर ब्लॉकवर टेकलेला बांबू. शेजारचा बांबू ड्रेनेजच्या झाकणावर.]

हा बांबू चेंबरच्या झाकणावर उभा आहे. तो पलीकडचा पहिल्या मजल्याच्या छज्जावरून वर गेलाय. ज्या छज्जाच्या सळ्या गंजल्या म्हणून दुरुस्ती काढली, त्याच छज्जावर वरच्या चार मजल्यांची परांची. छज्जा ऊन-पाऊस अडवायला असतो. त्याने परांची पेलायची असेल तर इंजिनिअरने हिशोब करून तसं लेखी द्यायला हवं, नाहीतर उभे बांबू जमिनीपासूनच उठवायचे. जमीन भुसभुशीत असेल तर खाली आडवी फळी टाकायची. लोखंडी पाइप असेल तर त्याच्या पायाशी बेस प्लेट आणि प्लेटखाली फळी.

बांबू वाईट आणि लोखंड चांगलं, असा सरसकट निवाडा आम्ही देणार नाही. १९९६ साली बांधकाम कामगारांसाठी कायदा झाला, १९९८ साली त्याचे केंद्रीय नियम आले. त्या नियमांनी बांबूला हद्दपार केलं नाही. बांबू चांगल्या प्रतीचा असावा, बाहेर आलेल्या गाठी तासलेल्या असाव्यात, हाताला इजा होऊ नये, असं त्यात सांगितलं. दोन-तीन मजल्यांच्या हलक्या कामाला, जाणत्या माणसाने निवडलेल्या पक्क्या बांबूंची परांची चालते. बांबू मात्र एकेक करून तपासायचा. लांबीत गेलेली चीर दिसते का? पेरापाशी बारीक भोकं आणि खाली पिवळसर पीठ दिसलं तर आत किडा लागलाय, तो बांबू बाद. हिरवा, नुकता तोडलेला बांबूही नको. वाळताना तो आकसतो आणि काथ्याची बांधणी सैल पडते.

काम जड असेल, इमारत उंच असेल किंवा परांची बरेच महिने राहणार असेल, तर लोखंडीच हवी. त्यातही रोजच्या वापरात दोन प्रकार दिसतात. एक पाइप आणि क्लॅम्पची. वाकड्यातिकड्या जुन्या इमारतीला, बाल्कन्या-खाचा असलेल्या भिंतीला ती हवी तशी वळवता येते. पण प्रत्येक क्लॅम्प कुणीतरी हाताने आवळलेला असतो, म्हणून सगळी मदार त्या हातावर. दुसरी कपलॉकची, म्हणजे उभ्या पाइपावर आधीच बसवलेल्या कपांत आडवे पाइप अडकवायची. तिचे सांधे ठरलेल्या अंतरावरच बसतात, चूक व्हायला वाव कमी. सरळसोट नव्या इमारतीला ती उत्तम.

[दृश्य: कोकणातलं घर. जांभ्याच्या चिऱ्यांची भिंत अर्धी उठलेली.]

दगडकामाची गोष्ट निराळी. विटांच्या भिंतीत पूर्वीपासून एकेरी परांची चालत आली आहे. बाहेर उभ्या बांबूंची एकच रांग, आणि आडव्या बांबूंचं दुसरं टोक भिंतीत सोडलेल्या भोकात. दगडी भिंतीत अशी भोकं सोडणं अवघड, म्हणून तिथे उभ्यांच्या दोन रांगा लावून भिंतीवर न विसंबणारी दुहेरी परांची करतात. कोकणात जांभ्याचा एक चिरा पंचवीस-तीस किलोचा. दहा चिरे फळीवर चढले की अडीचशे-तीनशे किलो झालेच, आणि चिरा ठेवताना तो अलगद ठेवला जात नाही, आदळतो. चिऱ्याच्या कामाला एकेरी परांची बघितली की आम्हाला धास्ती वाटते.

गवंड्याला आणखी एक गोष्ट लागते, टप्प्याची उंची. एका जागी उभं राहून त्याचा हात सव्वा ते दीड मीटर भिंतीपर्यंत नीट चालतो. फळी त्याहून खाली राहिली की तो विटांच्या चवडीवर किंवा उपड्या घमेल्यावर चढतो, आणि मग कठडा त्याच्या गुडघ्याशी येतो. घराच्या आत गिलावा करतानाही हेच. घोडी आणि दोन फळ्या मागवायच्या ऐवजी रंगाचे रिकामे डबे एकावर एक रचले जातात. पाच फुटांवरून पडूनही माणूस कायमचा अधू होतो.

प्लंबरचं काम उभ्या रेषेत चालतं, आणि बहुधा डक्टमध्ये. अंधारी, ओली, जेमतेम मीटरभर रुंद जागा. इथे दर टप्प्याला पूर्ण फळ्या आणि वर जायला शिडी लागते. बांबूला लटकत जुना बिडाचा पाइप सोडवणं म्हणजे जिवाशी खेळ. प्लंबरला बाहेरच्या परांचीतही अडचण येते. त्याच्या पाइपाच्या वाटेत एक तिरका, म्हणजे परांची ताठ ठेवणारा तिरपा बांबू, येतो. तो म्हणतो, काढून घेतो, संध्याकाळी बांधतो. संध्याकाळी तो दुसऱ्या साइटवर निघून गेलेला असतो. परांचीतलं काहीही सोडायचं तर बांधणाऱ्यालाच बोलवायचं, हा नियम ठेकेदाराने पहिल्याच दिवशी सगळ्यांना तोंडावर सांगायला हवा.

[दृश्य: भिंतीत अडकवलेली पकड. गवंडी ती सोडवून भोक बुजवतो.]

ही जागा नीट बघा. परांची इमारतीला धरून राहते ती अशा पकडींमुळे. वरखाली साधारण दर चार मीटरला एक तरी लागते. गवंड्याचा हात इथपर्यंत आला की पकड आडवी येते. तो ती काढतो, भोक बुजवतो, वरून गिलावा गुळगुळीत करतो. त्याचं काम चोख झालं. पण महिनाभरात खालपासून वरपर्यंत पकडी एकेक करून गेलेल्या असतात, आणि बाहेर हिरवी जाळी मात्र तशीच. वारा सुटला की ही जाळी शिडासारखी फुगते आणि सगळी परांची भिंतीपासून ओढते. नेमकं अशा वेळी रंगारी चढतो. त्याच्या वाट्याला सगळ्यात हलकं काम आणि सगळ्यात खिळखिळी झालेली परांची येते. म्हणून एक पकड काढली की शेजारी दुसरी आधी बसवायची, आणि एका कारागिराकडून दुसऱ्याकडे परांची जाताना ती पुन्हा तपासायची. एरवीही दर सात दिवसांनी, शिवाय जोराच्या पावसा-वाऱ्यानंतर. तपासणाऱ्याचं नाव आणि तारीख लिहिलेली पाटी जिन्यापाशी लावायची. हिरवी पाटी म्हणजे चढा, लाल म्हणजे चढू नका.

जाळीचा विषय निघालाच आहे, तर हाँगकाँग आठवावं लागेल. नोव्हेंबर २०२५ मध्ये तिथल्या ताय पो भागात, दुरुस्ती सुरू असलेल्या इमारतींच्या संकुलाला आग लागली आणि दीडशेहून जास्त माणसं गेली. इमारतींभोवती बांबूची परांची होती, जाळ्या होत्या, खिडक्यांवर फोमचे तक्ते होते. आपल्याकडे त्याच हिरव्या जाळीला लागून वेल्डिंग चालतं. जाळी आग लवकर न धरणारी आहे का, हे सोसायटीने ठेकेदाराला विचारावं आणि कागद मागावा.

[दृश्य: काचेची उंच इमारत. झुल्यात दोन रंगारी.]

उंच इमारतीचा रंग झुल्यावरून, म्हणजे गच्चीवरून दोरांनी सोडलेल्या फळीवरून होतो. झुल्याची सगळी सुरक्षितता गच्चीवर असते, जिथे खालून कुणाची नजर पोचत नाही. दोर गच्चीच्या कठड्याला किंवा पाण्याच्या पाइपला बांधलेला असेल तर काम तिथेच थांबवा. झुला ज्या दोरावर आहे त्याच दोराला अंगावरचा सुरक्षा पट्टा (हार्नेस) अडकवण्यात काही अर्थ नाही. प्रत्येक माणसाला स्वतःचा वेगळा जीवरक्षक दोर हवा, आणि तोही वेगळ्या आधाराला.

पट्टा लावला की कुठूनही पडलं तरी माणूस वाचतो, हा गैरसमज फार पसरला आहे. १.८ मीटरची दोरी आणि धक्का शोषणारी पट्टी असलेला हार्नेस माणसाला पूर्ण थांबवायला खाली साधारण साडेपाच-सहा मीटर मोकळी जागा मागतो. पहिल्या मजल्यावर, पायापाशी हूक अडकवलेला माणूस पट्टा ताणण्याआधीच जमिनीवर पोचतो. तिथे त्याला कमरेएवढा कठडा, मधली दांडी आणि पायाशी उभी फळी वाचवते.

वायरमन आणि फॉल्स सीलिंगवाल्यांसाठी चाकांचा टॉवर सोयीचा. त्याची उंची पायाच्या अरुंद बाजूच्या तिपटीपलीकडे नको, चारही ब्रेक लावलेले हवेत, आणि वर माणूस असताना ढकलायचा नाही. हे शेवटचं रोज मोडलं जातं, कारण उतरायचा कंटाळा. पाच-दहा मिनिटांच्या कामाला शिडी पुरते. दोन्ही हात लागणार असतील तर नाही. शिडी चार फूट वर गेली की पाया एक फूट बाहेर, आणि विजेपाशी ॲल्युमिनियमची शिडी नकोच.

[दृश्य: दोन कारागीर, एक मुकादम.]

"दादा, ह्या फळीवर किती माल टाकायचा?" प्रत्येक बिगाऱ्याला हे विचारता यायला हवं आणि मुकादमाला त्याचं उत्तर देता यायला हवं. सोसायटीने कोटेशनमध्ये परांचीची ओळ वेगळी मागावी: कुठल्या कामांसाठी, चौरस मीटरला किती किलो, कुणी तपासायची. १९८७ सालचं आयएस ३६९६ हे भारतीय मानक परांचीसाठीच आहे, त्याचा उल्लेख करारात करावा.

राहिला परांची उतरवण्याचा दिवस. रंग झालेला असतो, शेवटचा हप्ता अडकलेला असतो, सगळ्यांना घाई. आधी जाळी काढायची, म्हणजे वारा अडत नाही. मग वरून खाली, एकेक टप्पा. वरचा टप्पा मोकळा होईपर्यंत त्याखालची एकही पकड सोडायची नाही. बांबू आणि पाइप दोराने किंवा हातोहात उतरवायचे, आणि तेवढा वेळ खालची वाट दोरी लावून बंद ठेवायची. ज्यांनी परांची बांधली त्यांनाच उतरवायला बोलवायचं, रंगाऱ्याच्या पोरांना चार पैसे देऊन हे काम उरकायचं नाही.