बाजारातलं गाणं, गल्लीतलं गाणं

यूट्यूबवर कुठलंही जुनं गाणं लावा, खाली एक कमेंट असतेच असते. "याला म्हणतात खरं संगीत, आता सगळा धंदा झालाय राव." आणि गंमत म्हणजे ज्या गाण्याखाली ही कमेंट पडलेली असते ते गाणंसुद्धा धंदा म्हणूनच केलेलं असतं, प्रोड्युसरने पैसे घातलेले, वादक शिफ्टवर आलेले, रेकॉर्ड कंपनीने ते दुकानादुकानात पोचवलेलं. तेव्हा कुणी नाक मुरडलं असेल तर ते आज आपल्याला माहीत नाही एवढंच.

मुंबईत गाणं फुकट कधीच नव्हतं हो. त्यामुळे "खरं की बाजारू" हे भांडण इथे जरा वेगळ्या जागी जाऊन बसतं. गाणं विकलं गेलं का हे विचारण्यात अर्थ नाही, विकलं तर जातंच. विकलं कुणी, लेबलावर नाव कुणाचं आलं आणि पैसे कुणाच्या खिशात गेले हे विचारलं की मग खरी मजा सुरू होते.

या व्हिडिओची सुरुवात गिरणगावातून करूया.

आत्ता स्क्रीनवर जे काचेचे टॉवर दिसतायत तिथे गिरण्या होत्या हे सगळ्यांना पाठ आहे, ते परत सांगत बसत नाही. पण लालबागला हनुमान थिएटर होतं, तिथे तिकीट लावून तमाशे व्हायचे, आणि समोर बसलेला माणूस कोण तर साताऱ्याचा, सांगलीचा, कोकणातला गिरणी कामगार, बायकापोरं गावाला, इथे खानावळीत जेवायचं आणि दहा बाय दहाच्या खोलीत पाळीपाळीने झोपायचं. त्याला गावाकडची लावणी ऐकायची तर खिशातले पैसे काढावे लागायचे. म्हणजे लोककला म्हणून आपण जिला हार घालतो ती इथे रोकडा मोजून ऐकली जात होती. त्याने ती खोटी झाली का? मला नाही वाटत.

आता याच लोकांमध्ये अण्णाभाऊ साठे. घाटकोपरला चिरागनगरच्या झोपडपट्टीत राहणारा माणूस. १९४४ मध्ये अमर शेख आणि गव्हाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक उभं केलं. अण्णाभाऊंची "माझी मैना" घ्या, ऐकताना वाटतं गावी राहिलेल्या बायकोची आठवण आहे, तमाशातल्या लावणीसारखीच चाल, तोच ठसका, आणि ऐकता ऐकता लक्षात येतं की मैना म्हणजे संयुक्त महाराष्ट्राबाहेर राहिलेला मुलूख आहे. तिकिटाच्या तमाशात जो साचा चालत होता तोच उचलला आणि मैदानात बिनतिकिटाचा वाजवला. बाजाराने ज्या कानांना सवय लावली होती त्याच कानांत राजकारण घातलं. शाहीर लोक बाजाराला घाबरत नव्हते, बाजारातून माल उचलत होते.

इकडे दादर-ताडदेवच्या स्टुडिओंमध्ये वेगळीच भानगड चालू होती.

जगात इतरत्र गाणारा एक आणि ओठ हलवणारा दुसरा असलं तर बोभाटा होतो. मिली व्हॅनिली नावाची जोडी होती, त्यांच्या रेकॉर्डवर आवाज दुसऱ्यांचाच आहे हे बाहेर आलं आणि १९९० मध्ये त्यांचा ग्रॅमी काढून घेतला. आपल्याकडे? आपल्याकडे तर पूर्ण इंडस्ट्रीच त्यावर उभी आहे आणि त्याला कुणी फसवणूक म्हणत नाही, सगळ्यांना माहीत आहे की पडद्यावरची बाई गात नाहीये. पण हे माहीत असणंसुद्धा आपोआप झालेलं नाही हां. १९४९ साली "महल" आला, "आयेगा आनेवाला" गाजलं, आणि रेकॉर्डवर गायिकेचं नाव छापलं होतं कामिनी. कामिनी हे सिनेमातल्या पात्राचं नाव! लोकांनी रेडिओला विचारून विचारून हैराण केलं तेव्हा कुठे लता मंगेशकर हे नाव हवेत गेलं. पुढे लताबाईंनी रॉयल्टी मागितली, रफीसाहेबांचं म्हणणं होतं की गायलो, पैसे घेतले, विषय संपला, आणि त्यावरून दोघांनी काही वर्षं एकत्र गायचंच बंद केलं. मी या बाबतीत सरळ लताबाईंच्या बाजूने आहे. रफीसाहेब मोठ्या मनाचे होते, पण मोठ्या मनावर वादकांची घरं चालत नाहीत.

आणि वादक म्हटले की अँथनी गोन्साल्विस. नाव ऐकलं की तुमच्या डोक्यात अंड्यातून बाहेर येणारा अमिताभ आला असणार. खरा माणूस गोव्याचा व्हायोलिनवादक, अरेंजर (म्हणजे कुठल्या वाद्याने कुठे काय वाजवायचं ते लिहून देणारा), प्यारेलाल यांचे गुरू. १९५८ मध्ये त्यांनी इथेच, सेंट झेवियर्स कॉलेजात, हिंदुस्थानी राग आणि पाश्चात्य ऑर्केस्ट्रा एकत्र आणून भलामोठा कार्यक्रम उभा केला होता. ते संगीत आज कुणाच्या कानावर नाही. १९७७ मध्ये शिष्याने प्रेमाने गुरूचं नाव गाण्यात घातलं आणि तेवढं नाव देशभर झालं. शंकर-जयकिशनच्या गाण्यांमागे सेबॅस्टियन डिसूझांची अरेंजमेंट असायची, हे तरी किती जणांना माहीत आहे? व्हायोलिनचे ते जे भरगच्च तुकडे ऐकून आपण "जुनं ते सोनं" म्हणतो ना, ते लिहिणाऱ्याचं नाव कव्हरवर शोधून सापडत नाही. जुन्या काळातला खरेपणा वगैरे बोलताना हे जरा मधे ठेवावं.

मग आली कॅसेट.

हा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो. तोपर्यंत रेकॉर्ड म्हणजे एचएमव्ही आणि मोजक्या कंपन्या, त्या ठरवणार कोण गाणार. कॅसेटने ते मोडलं, कारण मशीन स्वस्त, कॉपी काढणं सोपं, छोटा माणूस पण कंपनी काढू शकत होता. टी-सिरीज १९८३ ची. त्यांनी कायद्यातल्या फटीतून जुन्या गाण्यांची कव्हर व्हर्जन काढून स्वस्तात विकली, गाणारे नवीन, किंमत कमी, आणि त्यावर बड्या कंपन्यांनी "ही चोरी आहे" म्हणून ओरड केली. होतीच थोडी. पण याच स्वस्त कॅसेटच्या लाटेवर असे आवाज घराघरात गेले ज्यांना एरवी कुणी दारात उभं केलं नसतं.

प्रल्हाद शिंदे. कव्वालीच्या मुकाबल्यात तयार झालेला गळा. भीमगीतं त्यांची, विठ्ठलाची गाणी त्यांची, आणि गणपतीत ज्या गाण्याशिवाय एकही मंडप उघडत नाही ते "तूच सुखकर्ता" पण त्यांचंच. आता कुणी म्हणेल की हा काय, जिकडे मागणी तिकडे गायलेला माणूस, ह्याला कसली निष्ठा. मला हे म्हणणं घरबसल्या पोट भरलेल्यांचं वाटतं. ज्याला गाण्यावर घर चालवायचंय तो डिसेंबरात चैत्यभूमीसाठी गाणार, भाद्रपदात गणपतीसाठी गाणार आणि आषाढीला विठ्ठलासाठी, आणि ऐका ना नीट, तिन्ही ठिकाणी आवाजात तीच आर्तता आहे, एक टक्का कमी नाही. "आता तरी देवा मला पावशील का" म्हणताना तो माणूस देवाशी भांडतोय असं वाटतं. ते भांडण स्टुडिओत पैसे घेऊनच रेकॉर्ड झालंय. पुढे मुलगा आनंद शिंदे यांच्या "नवीन पोपट"ने तर धुमाकूळ घातला, रिक्षा, लग्न, सलून, सगळीकडे तेच. शिष्ट लोक नाकं मुरडत राहिले आणि कॅसेटी खपत राहिल्या.

याच्या बाजूलाच एक दुसरा बाजार आहे ज्याची इंडस्ट्रीच्या गप्पांमध्ये नोंदच नसते. सहा डिसेंबरला शिवाजी पार्कला जा. पुस्तकांचे स्टॉल असतात ते टीव्हीवर दाखवतात, पण त्याच्या शेजारी गाण्यांचे स्टॉल असतात, आधी कॅसेट, मग सीडी, मग पेन ड्राइव्ह. वामनदादा कर्डकांची गाणी, विठ्ठल उमपांचा आवाज, आणि गावोगावचे असे गायक ज्यांची नावं कुठल्याच चार्टवर नाहीत. रेडिओने फारसं वाजवलं नाही, मोठ्या कंपन्यांनी उशिरा दखल घेतली, तरी बाजार चालू राहिला कारण घेणारा आणि गाणारा एकाच वस्तीतले होते. पैसा तर इथेही हातोहात फिरतोय. मग ह्याला बाजारू म्हणणार? म्हणून बघा शिवाजी पार्कात उभं राहून.

ऑटो-ट्यूनबद्दल, म्हणजे बेसूर आवाज सुरात आणणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल, लोक फार रागावतात म्हणून दोन वाक्यं बोलतो. तेल शोधायला जमिनीतल्या कंपनांचं गणित करणाऱ्या इंजिनिअरने १९९७ मध्ये ते बनवलं, आणि ते आलं म्हणून बेसूर लोक गायला लागले असं नाही, बेसूर लोक आधीपण गात होते, फक्त रेकॉर्डिंगला उभे राहत नव्हते. पुढे जाऊ.

हिपहॉप. कुर्ल्याच्या नेझीने २०१४ मध्ये आयपॅडवर "आफत" बनवलं, आयपॅडवरच रेकॉर्ड, आयपॅडवरच व्हिडिओ. २०१५ ला डिव्हाइन आणि नेझीचं "मेरे गली में" आलं आणि अंधेरी-कुर्ल्याची भाषा, म्हणजे ती अर्धी हिंदी अर्धी कसलीतरी जी आपण सगळे लोकलमध्ये बोलतो, गाण्यात जशीच्या तशी आली. २०१९ मध्ये "गली बॉय" आला, तेच गाणं सिनेमात आलं, हिरोच्या आवाजासकट, आणि त्यानंतर काय विचारता, बँकेपासून बिस्किटापर्यंत ज्याची त्याची जाहिरात रॅप करायला लागली, निवडणुकीचा प्रचारसुद्धा. टोपी उलटी, हात खालीवर, यमक जुळवलं की झालं. हे मात्र मला खोटं वाटतं. पैसे घेतले म्हणून खोटं वाटतं असं नाही हां. त्यात बोलणाऱ्याचा पत्ता नाही म्हणून. रॅपमध्ये पहिल्या दोन ओळीत कळतं तू कुठून बोलतोयस, आणि जाहिरातीतला रॅपर कुठूनच बोलत नसतो.

त्याच वर्षी "स्वदेसी" या ग्रुपने आरेतले आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांना घेऊन "द वारली रिव्होल्ट" केलं, जंगलाबद्दल, जमिनीबद्दल. आणि २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी आरेतली झाडं रातोरात पडली. गाणं हरलं म्हणा हवं तर. पण तीच चळवळ, तेच आरे आठवायचं तर आज लोक ते गाणं लावतात.

आता थोडा कोरडा भाग, पण हा कळल्याशिवाय बाकीचं सगळं हवेत आहे. २०१२ मध्ये कॉपीराइट कायदा बदलला, जावेद अख्तरांनी राज्यसभेत जोर लावला होता, आणि गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा कंपनीला कागदावर सही करून कायमचा घेता येणार नाही अशी तरतूद झाली. कव्हर व्हर्जनला मूळ गाण्यानंतर पाच वर्षं थांबायचं, हेही तेव्हाच आलं. कागदावर छान. पण गाणं फोनवर आलं आणि खेळच बदलला. स्पॉटिफायवर तीस सेकंद ऐकलं तर एक प्ले मोजतात, म्हणून हल्ली गाण्याला सुरुवातच नसते बघा, आलाप नाही, म्युझिक पीस नाही, थेट हूक, म्हणजे डोक्यात बसणारी ओळ. २०२४ पासून वर्षाला हजार प्ले झाले नाहीत तर त्या रेकॉर्डिंगचे पैसेच मिळत नाहीत. म्हणजे ज्याला कमी लोक ऐकतात त्याचे चार आणे पण जास्त ऐकल्या जाणाऱ्यांच्या भांड्यात. आणि मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीवर तीन-सव्वातीन मिनिटंच मावतात म्हणून मोठमोठ्या गायकांनी राग तेवढ्यात बसवले होतेच की, तेव्हापासून मशीनच गाण्याची लांबी ठरवतंय. फरक इतकाच की तबकडी तुम्ही पूर्ण ऐकली की नाही हे कंपनीला कळत नव्हतं.

शेवटचा भाग बेंजो पार्टीचा, कारण मुंबईत राहून यावर न बोलणं म्हणजे पाप. बेंजो म्हणजे टाइपरायटरसारखी बटणं, खाली तारा, वायर थेट अँपला, सोबत ढोलकी, ताशा, ऑक्टोपॅड, मागे ट्रॉलीवर स्पीकर आणि जनरेटर. आगमनाला परळ-लालबागच्या रस्त्यावर जे वाजतं त्यातलं बरंचसं सिनेमातलं. म्हणजे मुंबईच्या गल्लीचा सगळ्यात अस्सल आवाज हा दुसऱ्याच्या, विकत घेतलेल्या गाण्यांवर चालतो. पण ऐका कसं वाजवतात. मुखडा तोच, आणि मधे कोळीगीताचा तुकडा घुसतो, मग ढोलकी लय चढवते, आणि ज्या ठिकाणी मूळ गाण्यात काहीच नव्हतं तिथे अशी जागा घेतात की पोरं वेडी होतात. बॅनरवर ग्रुपचं नाव मोठं, खाली बुकिंगचा मोबाइल नंबर त्याहून मोठा. सुपारीचे पैसे आधी अर्धे, वाजवून झाल्यावर अर्धे, आणि रात्रीच मंडळाच्या ऑफिसबाहेर बसून वाटणी. बटणवाल्याला किती, ढोलकीला किती, ट्रॉली ढकलणाऱ्या पोराला किती, सगळ्यांसमोर.

आम्ही हे शूट केलं, एडिट केलं, अपलोड करून बघितलं आणि काही मिनिटांत कॉपीराइटचा क्लेम आला. कुठल्यातरी कंपनीच्या सिस्टिमने बेंजोवरची धून ओळखली आणि जाहिरातीचे पैसे त्यांच्याकडे वळणार असं कळवलं. त्यामुळे आता पुढची दोन मिनिटं तुम्हाला फक्त ढोलकी आणि ताशा ऐकू येईल, बेंजोचा ट्रॅक आम्ही बंद केलाय. धून ओळखून दाखवा कमेंटमध्ये.