महासाथ आणि माणसाजवळ बसणे

श्रोतेहो,

कोविडच्या महासाथीने रोजचे जगणे कसे बदलले हे सांगताना बहुतेक जण ओस पडलेल्या रस्त्यांपासून आणि घरातून चाललेल्या कचेऱ्यांपासून सुरुवात करतात. ते खरेच आहे. पण माझ्या मते सर्वांत खोल बदल झाला तो माणसाने माणसाजवळ बसण्यात. हा आजार श्वासावाटे पसरत होता, त्यामुळे बोलणे, गाणे, एकत्र जेवणे, रुग्णाच्या उशाशी बसणे, अशा ज्या गोष्टींनी आपण एकमेकांना धीर देतो, नेमक्या त्याच धोक्याच्या ठरल्या.

जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोविड-१९ ही महासाथ असल्याचे सांगितले, तेव्हा संसर्गाची वाट पुरती कळलेली नव्हती. सुरुवातीचे काही महिने सगळा भर वस्तूंवर होता. दाराच्या कड्या पुसल्या जात, बाहेरून आलेल्या पिशव्या उंबऱ्याबाहेरच ठेवल्या जात. साबणाने हात धुणे योग्यच होते, कारण या विषाणूचे आवरण स्निग्ध असते आणि साबण ते फोडतो. परंतु बोलताना, खोकताना बाहेर पडणारे अतिसूक्ष्म कण बंद खोलीत बराच वेळ तरंगत राहतात, हे पचनी पडायला फार वेळ लागला, आणि याची मला आजही खंत वाटते, कारण खिडकी उघडायला काहीच खर्च येत नव्हता. शिवाय लक्षणे दिसण्याआधी एक-दोन दिवस माणूस संसर्ग देऊ शकत असे. म्हणजे ठणठणीत दिसणाऱ्या नातवालाही आजीपासून दूर ठेवणे भाग होते, आणि त्यामागचे कारण त्या पोराला समजावता येत नव्हते.

माझा थोरला भाऊ घरातच विलगीकरणात होता. मी त्याच्या दाराबाहेर स्टुलावर ताट ठेवून मागे सरकत असे. मग कडी वाजे, ताट आत जाई आणि थोड्या वेळाने तो फोनवरून ऑक्सिमीटरवरचा आकडा सांगे. या आजारात दम लागल्याचे जाणवत नसतानाही रक्तातला प्राणवायू उतरू शकतो, त्यामुळे त्याच्या ‘बरं आहे’ या शब्दांपेक्षा आम्ही त्या आकड्यावर भिस्त ठेवत होतो. आकडा ९५ च्या वर असला की घरात हायसे वाटे. एका भिंतीपलीकडच्या माणसाची खुशाली फोनवरून कळत होती. तो बरा झाला.

माझी मावशी मात्र रुग्णालयातच वारली. अंत्यविधीला मोजकीच माणसे होती आणि आम्ही बाकीच्यांनी मावसबहिणीला फोन केले. तेव्हा मला प्रथमच कळले, की सांत्वनात बोलण्याचा वाटा किती थोडा असतो. दुःखात असलेल्या घरी गेलेला माणूस एरवी नुसता बसून राहतो, कुणाला पाणी देतो, कुणाचे मूल उचलून घेतो, आणि त्याच्या गप्प राहण्याने कुणी अवघडत नाही. फोनवर तसे गप्प बसता येत नाही. क्षणभर थांबले, की पलीकडून ‘ऐकू येतंय ना?’ असा प्रश्न येतो. म्हणून आम्ही बोलत राहिलो, आणि बहिणीला मनाशी थोडे थांबायला हवे होते तेव्हा तिला आम्हालाच उत्तरे द्यावी लागली.

२०२० आणि २०२१ या दोन वर्षांत महासाथीमुळे प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे सुमारे १ कोटी ४९ लाख माणसे दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. संघटनेने केलेली जागतिक आरोग्य आणीबाणीची घोषणा ५ मे २०२३ रोजी मागे घेतली गेली, पण यांतल्या कितीतरी घरांत शोक फोनवरच उरकला गेला होता. इतक्या वर्षांनी आता काय भेटायला जायचे, असा संकोच अनेकांना वाटतो. मला तो रास्त वाटत नाही. मी आजही अशा घरी जातो, आणि तिथली माणसे बहुधा आजारपणाच्या पहिल्या दिवसापासून सांगायला लागतात, त्यांतले बरेचसे मला फोनवर कळलेले असले तरी.