थेटफर्ड : दगड कुणी फोडला?

(ड्रोन. सकाळची तिरपी उन्हं. खळग्यांनी भरलेलं गवताळ माळरान.)

वरून बघताना वाटतं, हिरव्या गोधडीवर कुणीतरी अंगठा दाबत गेलंय. चारशेहून जास्त वेळा. खळग्याला खळगा लागून. मेंढ्या त्यात उतरतात, दिसेनाशा होतात, पलीकडून वर येतात.

इंग्लंडच्या पूर्वेला, नॉरफकमध्ये, थेटफर्ड नावाचं बाजाराचं गाव आहे. हे माळरान गावापासून दहा-बारा किलोमीटरवर. नाव ग्रिम्स ग्रेव्ह्ज. यातलं ग्रेव्ह म्हणजे थडगं नव्हे, खड्डा. आणि ग्रिम हे वोडन देवाचं दुसरं नाव, अँग्लो-सॅक्सन लोकांनी, म्हणजे इंग्रजांच्या पूर्वजांनी दिलेलं. एवढे खड्डे माणसाच्या हातून होतील कसे? तेव्हा देवानेच खणले असणार. आपल्याकडे नाही का, डोंगरात लेणं दिसलं की ते पांडवांनी एका रात्रीत कोरलेलं असतं.

१८६८ ते १८७० या काळात विल्यम ग्रीनवेल या धर्मगुरूंनी यातला एक खड्डा तळापर्यंत उपसला. तळ लागला बारा मीटरच्या आसपास. खाली होती एक खाण. फ्लिंटची, म्हणजे चकमकीच्या दगडाची. साडेचार हजार वर्षांपूर्वीची.

(कॅमेरा खाली उतरतो. प्रकाश कमी होत जातो. निवेदन थांबवून पावलांचा आवाज.)

आपण उतरतोय ती खाण दुसरी, नऊ मीटर खोल आहे. भिंत हाताला लागते ती खडूची. शाळेतल्या फळ्यावरचा असतो तसा पांढरा, नखाने ओरखडता येईल असा मऊ. या पांढऱ्या खडकात फ्लिंटचे थर आहेत. पहिला थर लागला, खणणाऱ्यांनी तो ओलांडला. दुसरा लागला, तोही ओलांडला. त्यांना हवा होता तिसरा, सगळ्यात खालचा. काळाभोर, अखंड, फोडला की काचेसारखी धार धरणारा. वरचे दोन थर बघूनही जे खाली जात राहिले, त्यांना दगड कळत होता.

(क्लोज-अप : हरणाचं शिंग.)

आणि हे त्यांचं अवजार. तांबड्या हरणाचं शिंग. हरणं दरवर्षी शिंगं टाकतात; बहुतेक शिंगं अशीच रानातून गोळा केलेली. फांद्या छाटायच्या, बुडाजवळचं एक टोक राखायचं, की झाली कुदळ. टोक खडूच्या भेगेत घालायचं, मागून ठोकायचं, मग दांड्यावर भार देऊन ढलपा उचकटायचा. लोखंड अजून दोन हजार वर्षं दूर होतं.

तळाला पोचलं की काम आडवं सुरू होई. फ्लिंटच्या थरामागोमाग चारी बाजूंना बोगदे. काही इतके बुटके, की आमच्या कॅमेरामनला पोटावर सरकावं लागलं. त्या अवस्थेत त्याने चाळीस सेकंद काढली, आणि तीच इथे दिसताहेत. नवीन खाणीतला राडारोडा शेजारच्या जुन्या खाणीत टाकायचा. तो वर्षानुवर्षं दबत, खचत गेला. तुम्ही वरून पाहिलेले अंगठ्याचे ठसे म्हणजे हा खचलेला राडारोडा.

ग्रीनवेल यांना एका बोगद्यात शिंगाच्या कुदळी सापडल्या. बोगद्याचं छत मध्येच कोसळून वाट बंद झालेली, त्यामुळे आत सगळं जसंच्या तसं. कुदळींवर ओल्या खडूचा लेप वाळला होता आणि त्या लेपात बोटांचे ठसे होते.

(चार सेकंद शांतता. बोगदा.)

त्या दगडाच्या कुऱ्हाडी झाल्या, इतर हत्यारं झाली, ती दूरवर गेली.

(कट. थेटफर्ड. कॅसल हिल. उतारावर पळणारी मुलं.)

गावात आलं की ही टेकडी नजरेतून सुटत नाही. वीस मीटरच्या आसपास उंच, आणि सगळीच्या सगळी माणसांनी रचलेली. १०६६ नंतर फ्रान्समधून आलेल्या नॉर्मन सरदारांना किल्ला हवा होता आणि इथे डोंगर नव्हता. मग डोंगर केला. भोवतीचे तट त्याहून जुने, लोहयुगातले. ते आयतेच मिळाले. माती खणायची, वाहायची, वर टाकायची, चोपायची. वाहणारे अर्थातच सरदार नव्हते. वर लाकडी किल्ला होता. ११७३ मध्ये बंड झालं, राजा दुसऱ्या हेन्रीने किल्ला पाडला. टेकडी कोण पाडणार?

गावातली गोष्ट वेगळीच आहे. ही टेकडी म्हणे सैतानाने बूट झटकले तेव्हा पडलेली माती. खड्डे देवाचे, टेकडी सैतानाची. टोपली उचलणाऱ्याची पाटी कोरीच.

(प्रायरी. संध्याकाळ. उभे ओबडधोबड सुळके.)

हा मठ रॉजर बिगॉड या सरदाराने ११०३-०४ मध्ये स्थापला. चारशेहून अधिक वर्षं इथे घंटा वाजली. नॉरफकचे ड्यूक इथे पुरले गेले. आठव्या हेन्रीने मठ बंद करवले तेव्हा, १५४० मध्ये, हाही बंद पडला आणि काही थडगी दुसरीकडे हलवली गेली. ड्यूकांबद्दल एवढं पुरे.

भिंतीकडे बघा. जवळून. दिसतोय तो भिंतीचा गाभा आहे. चुन्यात मुठीएवढे, डोक्याएवढे फ्लिंटचे गोटे रचून हा गाभा उभा केला आणि त्यावर बाहेरून आणलेला घडीव दगड बसवला. या भागात बांधकामाचा दगड नाही. आहे तो फक्त फ्लिंट. मठ बंद पडल्यावर घडीव दगड उचकटून नेला गेला. त्याला किंमत होती. फ्लिंटला हात कुणी लावला नाही, म्हणून आज हे सुळके उभे आहेत, सोललेल्या फणसासारखे.

(जंगल. पाइनची झाडं. मोकळ्या जागेत एकटी दुमजली इमारत.)

गावाबाहेरची ही गढी सशांसाठी आहे. थट्टा नव्हे. १४०० च्या सुमाराला मठाने ससे पाळले होते, मांसासाठी आणि कातड्यासाठी. चोर शस्त्रं घेऊन यायचे. म्हणून राखणदाराला या जाड भिंती. अर्थात, फ्लिंटच्याच.

(हातोडीचा आवाज आधी, दृश्य नंतर. मांडीवर चामड्याचा तुकडा, त्यावर काळा दगड.)

हे गृहस्थ ब्रँडनच्या पद्धतीने फ्लिंट फोडून दाखवताहेत. ब्रँडन इथून दहा किलोमीटर. तिथल्या कारागिरांनी बंदुकीच्या चापातले दगड बनवले; नेपोलियनशी झालेल्या लढायांत ब्रिटिश सैन्याच्या बंदुका याच दगडांवर ठिणगी पाडत होत्या. काम तीन टप्प्यांचं. आधी गोटा मांडीवर घेऊन चौकोनी फोडी करायच्या. जोर कमीच लागतो; घाव कुठे घालायचा ते कानाला कळतं, चांगला दगड खणखणीत वाजतो. मग फोडीच्या कडेवरून लांब पात्या उतरवायच्या.

(स्लो मोशन. पाती सुटते.)

ही बघा सुटली. पुन्हा बघा. आणि शेवटी लोखंडी खुंटीवर पाती धरून तिचे चौकोनी तुकडे पाडायचे. खाणीतल्या थरांना आज पुरातत्त्वाची मंडळी जी नावं वापरतात, टॉपस्टोन, वॉलस्टोन, फ्लोअरस्टोन, ती याच ब्रँडनच्या माणसांची. पंडितांनी उसनी घेतली.

धूळ फुप्फुसात जायची, कित्येक जण त्यानेच गेले.

(गॅलोज हिल. कारखान्यांच्या शेड, पार्किंग.)

दाखवण्यासारखं इथे काही उरलेलं नाही. १९७९ मध्ये धातुशोधक यंत्र घेऊन आलेल्या एका माणसाला इथे रोमन काळातलं सोनं-चांदी सापडलं. सोन्याच्या २२ अंगठ्या, चांदीचे ३३ चमचे, काहींवर फॉनस देवाचं नाव. त्याने ते लपवलं. बातमी फुटेपर्यंत त्या जागेवर बांधकाम उभं राहिलं होतं. ऐवज आता लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तो कशात ठेवला होता, शेजारी काय होतं, हे गेलं. पुढे शेजारच्या जागेवर रीतसर उत्खनन झालं तेव्हा बुडिका राणीच्या आइसेनी टोळीचं मोठं आवार निघालं.

(नदीतलं बेट. घोड्यावरचा ब्राँझचा पुतळा.)

भारतातून आलेला प्रवासी थेटफर्डला उतरतो तो बहुधा यांच्यासाठी. महाराजा दुलीपसिंग, रणजितसिंगांचे पुत्र. राज्य गेलेलं, जवळच्या एल्व्हेडनला इस्टेट घेतलेली, तिथेच कबर. पुतळा १९९९ चा. गावातलं १४९० च्या आसपासचं लाकडी चौकटीचं घर त्यांचे पुत्र फ्रेडरिक यांनी गावाला दिलं आणि त्याचं संग्रहालय झालं. आम्हीही इथे फोटो काढला. पण आम्ही आलो होतो दुसऱ्याच एका माणसासाठी.

(किंग स्ट्रीट. बाजाराची गर्दी. सोनेरी पुतळा, खालून वर.)

टॉमस पेन. माणसाच्या हक्कांवर लिहिणारा लेखक. जन्म थेटफर्ड, १७३७. वडील बायकांच्या चोळ्यांमध्ये व्हेलच्या तोंडातल्या पट्ट्या बसवून देणारे कारागीर. मुलगाही शाळा सुटल्यावर तेच शिवणकाम शिकला. पुतळ्याच्या एका हातात लेखणी, दुसऱ्या हातात त्याचं पुस्तक, ‘राइट्स ऑफ मॅन’. नीट बघा, पुस्तक उलटं धरलंय. पुतळा १९६४ मध्ये बसवला तेव्हापासून ते तसंच आहे.

हेच पुस्तक पुण्यात १८४७ च्या सुमाराला एका विशीतल्या तरुणाने वाचलं. घरचा धंदा फुलांचा. नाव जोतीराव. १८४८ मध्ये भिडे वाड्यात मुलींची शाळा.

(कॅमेरा पुतळ्यावरून सरकत शेजारच्या सेंट पीटर्स चर्चकडे.)

या चर्चला गावातले लोक ब्लॅक चर्च म्हणतात. रंग दिलेला नाही. दर्शनी भिंत फोडलेल्या फ्लिंटची आहे, काळी बाजू बाहेर. पाऊस येऊन गेला की चमकते.

(भिंत. ओली. बाजारातले आवाज चालू.)