मासेमारी बंदीच्या दोन महिन्यांत इंजिन म्हातारं होतं

बोटीचं इंजिन किती वर्षं टिकतं, हे मला सगळेच विचारतात. पण इंजिनाचं वय तासांत मोजायचं असतं. मोटारगाडी तीन लाख किलोमीटर पळाली की आपण म्हणतो, भरपूर चालली. सरासरी ताशी 60 धरा, झाले 5,000 तास. ट्रॉलर, म्हणजे जाळं ओढणारी मासेमारी बोट, दिवसाला दहा तास आणि वर्षाला 250 दिवस चालली, तर एवढे तास दोन वर्षांत होतात. आणि एखाद्या हौशी माणसाची याट? वर्षाला शंभर-दीडशे तास. हिशोबाने तिचं इंजिन तीस वर्षं जायला हवं, पण बऱ्याचदा त्याआधीच त्याला गंज खातो.

दुसरा हिशोब फेऱ्यांचा. मोठ्या मालवाहू जहाजाचं इंजिन मिनिटाला शंभरेक फेरे घेतं, आपल्या मासेमारी बोटीचं पंधराशे-अठराशे. तासाला त्याचे सहा हजार, आपले लाखभर. मधेमधे लायनर (सिलिंडरचं आतलं अस्तर) आणि पिस्टनच्या रिंगा बदलत राहिलं की ते धूड पंचवीस-तीस वर्षं चालतं. अलंगला भंगारात काढतात तेव्हासुद्धा पुष्कळदा जहाज त्याच इंजिनाच्या जोरावर किनाऱ्यावर चढवलेलं असतं!

आपल्याकडे मात्र आतली झीज पूर्ण व्हायच्या आधीच बाहेरचं काहीतरी इंजिनाला मारतं. पहिलं म्हणजे खारं पाणी. ते थेट इंजिनातून फिरवलं आणि तापमान साठ अंशांच्या वर गेलं, की आत क्षार धरतात, वाटा बुजतात. म्हणून आत गोडं पाणी आणि कूलंट, आणि खारं पाणी फक्त कूलरपर्यंत, ही रचना चांगली. तरी एक जागा उरते, जिथे धुरात पाणी मिसळतं तो एक्झॉस्टचा वाकडा तुकडा. तो आतून कुजतो आणि पाणी उलटं सिलिंडरमध्ये शिरतं. स्वस्तातला तुकडा बदलायचा राहतो आणि अख्खं इंजिन खोलावं लागतं.

दुसरं, पंखा, म्हणजे पाण्याखालचा प्रोपेलर. ओढ वाढावी म्हणून मोठा पंखा बसवायचा मोह तांडेलांना, म्हणजे बोट चालवणाऱ्यांना, होतोच. मग पूर्ण ॲक्सिलरेटर देऊनही फेरे भरत नाहीत, काळा धूर निघतो. तो धूर बघून कुणी डिझेल फवारणारं नोझल बदलतं, कुणी डिझेलचा पंप. पाण्याखाली बघायला कुणी जात नाही. याच्या उलट खोड म्हणजे नांगर टाकून तासन् तास इंजिन रिकामं चालू ठेवणं. लोड नसला की इंजिन नीट तापत नाही, रिंगांवर काजळी बसते, बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत, काचेसारखी गुळगुळीत होते आणि इंजिन ऑइल पिऊ लागतं.

आता बंदीचे दिवस. 1 जून ते 31 जुलै बोट उभी. बहुतेक जण जुनंच ऑइल ठेवून कुलूप लावतात आणि ऑगस्टमध्ये नवं भरतात. हे उलटं आहे. वापरलेल्या ऑइलमध्ये आम्ल असतं, पाण्याचा अंश असतो. दोन महिने ते बेअरिंगांवर बसून राहतं. नवं ऑइल मे महिन्याच्या शेवटी भरा, थोडा वेळ इंजिन चालवा, मगच बंद करा. डिझेलची टाकीही भरलेली बरी. रिकाम्या जागेत दमट हवा राहते, तिचं पाणी होऊन तळाला साचतं आणि पाणी-डिझेलच्या सीमेवर बुरशी, जंतू वाढतात. काळपट बुळबुळीत गाळ फिल्टरमध्ये दिसला तर समजा हेच झालंय. ‘दोन महिने पैसे अडकतात’ हे बोटमालकाचं म्हणणं मला मान्य आहे. टाकी भरणं परवडत नसेल, तर निदान मोसमाच्या सुरुवातीला तळाचं पाणी काढा.

आणखी एक. आठवड्याला पाच मिनिटं इंजिन स्टार्ट करून बंद करणारे बरेच आहेत. त्याने इंजिन तापत नाही, उलट आत ओल धरते. त्यापेक्षा बंद करण्याआधी खाऱ्या पाण्याची बाजू गोड्या पाण्याने धुऊन रिकामी करा आणि मधूनमधून इंजिन हाताने फिरवा. किनाऱ्यावर ओढलेल्या बोटीत तर स्टार्टरला हातच लावू नका. खारं पाणी येत नाही, आणि ते ओढणाऱ्या पंपातला इंपेलर, म्हणजे रबरी चाक, काही मिनिटांत जळतो.