‘ग्रॅज्युअली’च्या आधी इंग्रज काय म्हणत?

(दृश्य: दगडी जिना. एकेक पायरी चढणारी पावलं.)

बदल हळूहळू झाला हे सांगायचं असेल, तर आज इंग्रजीत सगळ्यात आधी सुचतो तो शब्द ‘ग्रॅज्युअली’. क्रियाविशेषण म्हणून तो रूढ झाला सतराव्या शतकात. त्याच्या पोटात लॅटिन ‘ग्राडुस’ आहे. ग्राडुस म्हणजे पाऊल, आणि ते पाऊल जिच्यावर पडतं ती पायरीही.

मध्ययुगीन चर्चमध्ये बायबलच्या दोन वाचनांच्या मध्ये एक गीत गायलं जाई. गायक पायरीवर उभा राहून ते गात असे, म्हणून त्याला ‘ग्राडुआले’ म्हणत. इंग्रजीत ‘ग्रॅज्युअल’ आला तो आधी अशा पायऱ्यांच्याच संदर्भात. ‘संथ’ हा अर्थ त्याला पुढे चिकटला. मूळ शब्दात वेगाचा उल्लेखच नाही. त्यात आहेत ते मोजता येतील असे टप्पे.

मराठी माणसाला हे नवं वाटू नये. ‘क्रमशः’ शब्दातला क्रम म्हणजे मुळात पाऊल. त्रिविक्रमाची तीन पावलं आठवावीत. ‘डिग्री’ हा इंग्रजी शब्दही याच ग्राडुसच्या घरातला, आणि आपण त्याला म्हणतो पदवी, म्हणजे पुन्हा ‘पद’ आलंच. आणि कुणी पायरी सोडून वागलं तर आपल्याला खटकतं, तिथे तर जिनासुद्धा नसतो.

(दृश्य: जुन्या इंग्रजी हस्तलिखिताचं पान. ओळींच्या वर बारीक अक्षरात लिहिलेले शब्द.)

लॅटिन पायरी येण्याआधी इंग्रजांकडे यासाठी शब्द नव्हता असं नाही. उलट असे शब्द पाडायचा साचाच त्यांच्याकडे होता.

1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, त्याआधीच्या भाषेला जुनी इंग्रजी म्हणतात. तिच्यात ‘मॅल’ असं एक नाम होतं. अर्थ माप, ठरलेली वेळ, खेप. या नामाला अनेकवचनाचा ‘उम’ हा विभक्तिप्रत्यय लावला की ‘मॅलुम’, म्हणजे ‘मापांनी’. मग त्याच्या आधी हवी ती वस्तू ठेवायची. ‘स्टॅप’ म्हणजे पाऊल: ‘स्टॅपमॅलुम’, पावलापावलाने. ‘ड्रॉप’ म्हणजे थेंब: ‘ड्रॉपमॅलुम’, थेंबाथेंबाने. ‘लिम’ म्हणजे अवयव, ‘हेआप’ म्हणजे जमाव, ‘स्टिच्चे’ म्हणजे तुकडा. प्रत्येकाला तोच मॅलुम.

यातले कित्येक शब्द आपल्याला भेटतात ते लॅटिन शब्दांचा अर्थ सांगणाऱ्या टिपांमध्ये. लॅटिनमध्ये याच कामासाठी ‘टिम’ हा शेवट होता: ग्राडाटिम म्हणजे पायरीपायरीने, गुट्टाटिम म्हणजे थेंबाथेंबाने. मठातला लेखनिक ओळीच्या वर किंवा शब्दसूचीत त्याचा इंग्रजी अर्थ लिही आणि तिथे हा साचा कामाला येई. त्यामुळे यातले सगळेच शब्द बाजारात बोलले जात होते असं समजू नये. काही बहुधा शाईतच जन्मले आणि शाईतच राहिले. तो लॅटिन ‘टिम’ मात्र ‘व्हर्बेटिम’मध्ये अजून टिकून आहे. आपण त्याला ‘शब्दशः’ म्हणतो.

(दृश्य: अक्षरं एकेक करून पुसट होत जातात. मॅलुम, मेले, मील.)

मग या साच्याचं काय झालं? शब्दांच्या शेवटच्या विभक्ती झिजल्या. ‘उम’चा आधी ‘एन’सारखा पुटपुटता उच्चार उरला, मग नुसता ‘ए’, मग तोही गेला. मॅलुमचं ‘मेले’ झालं, मेलेचं ‘मील’. ‘उम’चा अवशेष शोधायचा असेल तर ‘सेल्डम’ म्हणजे क्वचित या शब्दाच्या शेपटीत तो अजून सापडतो. त्यातही गंमत अशी की सेल्डमला तो जन्मतः नव्हता. मूळ शब्द ‘सेल्डन’, पण बाकीची मंडळी उमकारान्त दिसली म्हणून यानेही तसा शेवट घेतला.

चौदाव्या शतकात साचा अजून चालू होता. विल्यम लँगलंडच्या ‘पिअर्स प्लाउमन’ या दीर्घकाव्यात लोभ नावाचं पात्र आपल्या बायकोच्या धंद्याची कबुली देतं. ती दारू बनवून विकते. चांगली एल, म्हणजे जवाची दारू, आतल्या खोलीत राखून ठेवलेली. तिचा भाव गॅलनला एक ग्रोट, म्हणजे चार पेनी, आणि एवढं देऊनही ती येते ‘कपमेले’, पेल्यापेल्याने. भाव गॅलनचा आणि माप पेल्याचं! गिऱ्हाईक कुठे नाडलं जातं ते या एका क्रियाविशेषणात आलं.

आज जिवंत उरलेला शब्द मात्र एकच, ‘पीसमील’, म्हणजे तुकड्यातुकड्याने. तो 1300 च्या सुमारास दिसू लागतो. त्याचा पुढचा अर्धा भाग फ्रेंच आणि मागचा अर्धा जुना इंग्रजी. जुन्या ‘स्टिच्चेमॅलुम’मधला स्टिच्चे काढून तिथे नॉर्मनांचा ‘पीस’ बसवला, एवढंच.

शेक्सपिअरच्या काळापर्यंत ‘मील’चा अर्थ लोकांच्या कानातून जवळजवळ गेला होता. ‘द टेम्पेस्ट’मध्ये कॅलिबान आपल्या मालकाला शाप देतो की दलदलीतले सगळे रोग त्याच्यावर पडोत आणि इंचाइंचाने त्याचा रोग होवो. तिथे शब्द आहेत ‘बाय इंचमील’. हा ‘बाय’ कशाला? मॅलुममध्ये ‘ने’ होताच. तो झिजला, ऐकू येईनासा झाला, म्हणून बाहेरून दुसरा ‘ने’ आणून लावावा लागला. पुढे इंग्रजीने मीलचा नाद सोडला आणि ‘स्टेप बाय स्टेप’, ‘बिट बाय बिट’ असं शब्दच दोनदा म्हणायला सुरुवात केली. म्हणजे आपल्याच वाटेला आली.

(दृश्य: स्वयंपाकघर. मापटं, दळलेलं पीठ, वाढलेलं ताट.)

इथे एक गोंधळ नेहमी होतो. पीसमीलमधला मील म्हणजे जेवण का? थेट नाही, पण नातं आहे. जेवणाचा मील त्याच ‘मॅल’मधून आला: ठरलेली वेळ, मग ठरलेल्या वेळचं जेवण. ओटमीलमधला मील मात्र वेगळा. तो पीठ या अर्थाचा, दळण्याच्या धातूवरून आलेला. दिसायला जुळे, पण घराणी दोन. जर्मन शिकणाऱ्यांची फसगत आणखी वेगळी. जर्मनमध्ये ‘हळूहळू’ला ‘आलमेलिश’ म्हणतात आणि खेपेला ‘माल’. ऐकून वाटतं, सापडला भाऊ! पण आलमेलिश आला आहे तो आराम, निवांतपणा सांगणाऱ्या ‘गेमाख’ शब्दावरून. खेपेशी त्याचा संबंध नाही.

मॅलचं खरं गोत आपल्याकडे आहे. मोजणे या अर्थाच्या संस्कृत ‘मा’ धातूशी त्याचं मूळ एक. त्यातून मान, मात्रा, माप, आणि आजीच्या फळीवरचं अर्ध्या शेराचं मापटं. काळ मोजणारा ‘मास’ही याच कुळातला. फारसीतून आलेला ‘महिना’ही शेवटी तिथेच पोचतो, म्हणजे आपण एकाच घरचे दोन शब्द शेजारीशेजारी वापरतो.

साचासुद्धा ओळखीचा आहे. एकेक करून सगळ्यांना व्यापण्याच्या या भावाला संस्कृत व्याकरणात ‘वीप्सा’ असं नाव आहे. पाणिनी तिची दोन साधनं सांगतो. एक, शब्द दोनदा म्हणायचा: ‘वृक्षं वृक्षं सिञ्चति’, झाडाझाडाला पाणी घालतो. दुसरं, ‘शस्’ प्रत्यय. त्याचं परंपरेतलं उदाहरण आहे ‘कार्षापणशः ददाति’, नाणं नाणं करून देतो. लँगलंडकडे पैशांसाठी नेमका असाच ‘पाउंडमेले’ आहे. मराठीने दोन्ही साधनं ठेवली: थेंबाथेंबाने आणि क्रमशः.

आपला ‘हळूहळू’ मात्र या रांगेत बसत नाही. तो ‘लघु’वरून आला. प्राकृतात ‘लहु’मधल्या अक्षरांची अदलाबदल होऊन ‘हलु’ झालं आणि त्याचं हळू. मुळात अर्थ हलकं. ‘सावकाश’ तर अवकाशासह, मोकळी जागा ठेवून. इथे माप नाही, पायरी नाही. म्हणून सरकारी आदेशात ‘हळूहळू’ लिहिलेलं दिसत नाही. तिथे ‘टप्प्याटप्प्याने’ लागतं, कारण टप्पे मोजता येतात आणि त्यांना तारखा घालता येतात.

(दृश्य: खोदलेला रस्ता. अर्धा डांबरी, अर्धा काँक्रीटचा.)

पीसमीलचा रंग पुढे बदलला. आज एखाद्या योजनेला पीसमील म्हटलं की ती बहुतेक वेळा टीका असते: एकसंध विचार नाही, जमेल तसं ठिगळ. याला ठळक अपवाद तत्त्वज्ञ कार्ल पॉपरचा. 1945 मध्ये समाजबदलावर लिहिताना त्याने हाच शब्द कौतुकाने वापरला. सगळा समाज एका फटक्यात पाडून नव्याने बांधण्यापेक्षा एकेक दोष घ्यावा, सुधारावा आणि चूक झालीच तर ती आवरता येईल एवढी लहान ठेवावी, असं त्याचं म्हणणं.

म्हणून भाषांतर करताना शब्दाआधी वाक्याचा सूर पाहावा. योजना आखून केलेलं असेल तर ‘टप्प्याटप्प्याने’. टीका असेल तर ‘तुटक तुटक’ किंवा सरळ ‘ठिगळं लावत’. पॉपरसारखं असेल तर ‘थोडं थोडं करून’. ‘तुकड्यातुकड्याने’ हे मुळाबरहुकूम खरं, पण मराठीत ते ऐकलं की आधी काहीतरी फुटलेलं दिसतं.

(दृश्य: कार्यालयातला फलक. याद्यांचे रकाने.)

मॅलुमची जागा भारतीय इंग्रजीत आता दुसऱ्याच एका जुन्या प्रत्ययाने घेतली आहे. रीत या अर्थाच्या शब्दावरून आलेला ‘वाइज’ आपण कशालाही लावतो: वॉर्डवाइज, रोलनंबरवाइज, फ्लोअरवाइज. सरकारी मराठीत त्याचा जोडीदार ‘निहाय’: प्रभागनिहाय, जिल्हानिहाय. हजार वर्षांपूर्वीच्या मठातल्या लेखनिकाला ही यादी दाखवली असती, तर त्याने प्रत्येक रकान्यावर बारीक अक्षरात मॅलुम लिहिलं असतं.