छिद्रांच्या साच्यात वाढणारं निकेल

ही पांढरी चकती ॲल्युमिनियम ऑक्साइडची, निकेलच्या अतिसूक्ष्म तारा वाढवण्याचा साचा. इतकी ठिसूळ, की चिमट्याने कडेलाच धरायची. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ती अशी दिसते: पोळ्यासारखी छिद्रं, शेजारच्या दोन छिद्रांच्या केंद्रांमध्ये जेमतेम १०० नॅनोमीटर अंतर.

ही नक्षी कुणी कोरलेली नाही. शुद्ध ॲल्युमिनियमचा ॲनोड (धन टोक) ०.३ मोलर ऑक्झॅलिक आम्लात ४० व्होल्टवर दीर्घकाळ ठेवला, की छिद्रं आपसूक षट्कोनी रांगांत येतात, हे मासुदा आणि फुकुदा या संशोधकांनी १९९५ साली जपानमध्ये दाखवलं. त्यासाठी क्लीनरूम, म्हणजे धूळरहित प्रयोगशाळा, लागत नाही.

चकतीच्या मागे सोन्याचा थर आहे, छिद्रांची तोंडं बुजतील इतका जाड. हाच कॅथोड, म्हणजे ऋण टोक; निकेल इथून बसत जातं. जोडणी झाली की मागचं सगळं सोनं लॅकरने झाकायचं. ठिपकाभर जरी उघडं राहिलं, तरी निकेल तिथे भराभर बसतं आणि खोल छिद्रं मागे पडतात.

द्रावण वॉट्स बाथचं, म्हणजे निकेलचा मुलामा देण्याचं मिश्रण. लिटरला निकेल सल्फेट ३०० ग्रॅम, निकेल क्लोराइड ४५, बोरिक आम्ल ४५. बोरिक आम्ल वगळू नये. कॅथोडवर थोडा हायड्रोजन सुटतोच, त्याने छिद्रातला पीएच चढतो (आम्लता घटते) आणि निकेल हायड्रॉक्साइड साचतं. हा चढ बोरिक आम्ल आवरतं.

आता चकती द्रावणात बुडवून निर्वात पंप. हे बुडबुडे छिद्रांतल्या हवेचे. ते थांबेपर्यंत वीज लावायची नाही, कारण हवा अडकलेल्या छिद्रात तार उगवतच नाही. सगळ्यात जास्त धीर इथे लागतो, आणि घाईही इथेच होते.

आता वीज: कॅथोडवर सिल्व्हर क्लोराइड इलेक्ट्रोडच्या, म्हणजे व्होल्टेज मोजायच्या स्थिर संदर्भाच्या, तुलनेत उणे १ व्होल्ट. त्याहून उणे गेलं, तर हायड्रोजनच छिद्र तुंबवतो. प्रवाहाचा आलेख पाहा: प्रवाह झपकन उतरतो, मग सपाट चालतो. तारा वर पोचल्या की टोकांवर टोप्या फुटतात, पृष्ठभाग वाढतो आणि प्रवाह चढतो. त्याआधी थांबायचं. किती विद्युतभाराने किती निकेल बसतं, हा हिशेब फॅराडेच्या नियमाचा: एक चौरस सेंटिमीटर चकती, १० टक्के छिद्रं, १० मायक्रोमीटर लांबीच्या तारा, म्हणजे सुमारे २.९ कूलॉम. ५ मिलिॲम्पिअरला दहा मिनिटं. हायड्रोजन काही विद्युतभार खातो, म्हणून थोडं जास्तच धरायचं.

पांढरी चकती काळी झाली. १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये साचा विरघळतो, निकेल तसंच राहतं. बाटलीला चुंबक लावून तारा एका बाजूला धरायच्या आणि द्रव ओतून धुवायचं. सुकवताना मात्र पाण्याचा ताण तारांची गुंतवळ करतो, म्हणून त्या अल्कोहोलमध्येच ठेवतात.

चुंबकीय सेन्सरच्या संशोधनात अशा तारा वापरल्या जातात.